स्नेहवृत्तातली अनाथ

'आश्रय' हा शब्द वनमालाबाईंनी चौथ्यांदा वाचला, चष्मा काढून पदराने पुसला आणि पाचव्यांदा वाचला. चष्म्याचा काही दोष नव्हता. सायक्लोस्टाइलच्या जांभळट शाईत तो शब्द जरा फिकट, पण स्वच्छ उमटला होता. 'कु. वनमाला रिसबूड: जव्हार येथे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. अविवाहित. मागासलेल्या वन्य बांधवांच्या सेवेस आयुष्य वाहिले आहे. त्यांतीलच एका अनाथ मुलीला त्यांनी आश्रय दिला असून ती मोखाड्यास प्राथमिक शिक्षिका आहे.' एवढंच. वर सौ. शरयूच्या दोन मुलांची विलायत होती, खाली कुणा देशपांड्यांचा मधुमेह होता, आणि मधल्या चार ओळींत बाईंची उभी हयात बसवून टाकली होती. शनिवारची सकाळची शाळा आटोपून त्या पोस्टावरून आल्या होत्या, उन्हात चालून अंगाला घाम आला होता, आणि आता सावलीत बसूनही तो वाळत नव्हता. त्यांनी स्वतः दिवाळीच्या आधी कार्डावर काय लिहिलं होतं ते त्यांना अक्षरन्‌अक्षर आठवत होतं. 'माझी मुलगी कोंडी (तिचे वडील पूर्वीच वारले) यंदा मोखाड्यास शिक्षिका झाली. फार आनंद वाटतो.' त्यातला आनंद गेला होता, 'माझी' गेलं होतं, 'मुलगी' उरली होती ती आश्रयाला.

हे स्नेहवृत्त म्हणजे सत्तावीस सालच्या बी.ए.च्या वर्गाचा वार्षिक उपद्व्याप. पुण्याला खांबेटे नावाचा त्यांचा वर्गबंधू होता. तो कॉलेजात असताना सगळ्यांची हजेरी लक्षात ठेवायचा आणि आता सगळ्यांच्या बढत्या, लग्नं आणि मरणं लक्षात ठेवत होता. प्रत्येकाने नवरात्रापर्यंत कार्डावर आपली खुशाली कळवायची, खांबेट्याने ती नीटनेटकी करायची, आणि कार्तिकात सगळ्यांना बुकपोस्टाने धाडायची, असा नेम. नीटनेटकी करायची म्हणजे काय, ते वनमालाबाईंना आज कळलं. पन्नास मुलगे आणि दोन मुली असा तो वर्ग. शरयू आणि त्या पहिल्या बाकावर बसत, आणि मागच्या बाकांवरून कुणी काही बोललं तर शरयू लाजायची आणि वनमाला मागे वळून बघायची. अजूनही मागे वळून बघायची खोड गेली नव्हती. त्या सगळ्यांच्या पोरांची लग्नं जमत होती, सुनांना दिवस जात होते, पेन्शनी बसत होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. एका प्रोफेसराने काशीयात्रा केली होती, एका वकिलाचा मुलगा घर सोडून गेला होता हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याबद्दल खांबेट्याने 'मुलगा सध्या प्रवासात आहे' असं लिहिलं होतं. म्हणजे हा गृहस्थ सगळ्यांचीच पांघरुणं सारखी करत फिरतो. पण माझ्या अंगावर पांघरूण घालायला याला सांगितलं कुणी? मला थंडी वाजत नव्हती.

कहर म्हणजे समासात त्याने स्वतःच्या बारीक हस्ताक्षरात लिहिलं होतं: 'वनमालाताई, आपल्या हिताचा विचार करून एक-दोन शब्द बदलले. अविवाहित स्त्रीच्या नावापुढे मुलगी म्हणून छापले की वाचणारे नाही नाही ते तर्क करतात. आपण समजून घ्यालच.' हा माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. इंटरला असताना त्या तापाने पडल्या तेव्हा वर्गातल्या सगळ्या टिपणांची नक्कल करून शरयूच्या हाती पाठवणारा हाच. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. या खांबेट्यावर रागावायचं तर त्याचं ते गोल, काळजीवाहू तोंड डोळ्यांपुढे येई, आणि मग दुप्पट संताप येई. त्यात हे बुकपोस्ट, म्हणजे उघडं. जव्हारच्या पोस्टमास्तर हरिभाऊंनी ते बाईंच्या आधी वाचलेलं होतं आणि देताना तसं लपवलंही नव्हतं. "पुण्याला तुमचं मोठंच कौतुक चाललंय, बाई," ते म्हणाले होते. "छापलंय सगळं. पोरीला आश्रय दिलात म्हणून." बाई तेव्हा नुसत्या हसल्या होत्या. न वाचताच हसल्या, आणि त्या हसण्याची आता त्यांना लाज वाटत होती.

त्यांनी दौत ओढली, कागद घेतला आणि लिहायला बसल्या. 'रा. रा. खांबेटे यांस.' पुढे पेन अडलं नाही. 'आपण माझ्या हिताचा विचार केलात, परंतु माझे हित काय हे मला विचारले नाहीत. कोंडी ही माझी मुलगी आहे. मी तिला अक्षरे शिकवली, देवी आल्या तेव्हा तिच्याजवळ बसले, तिच्या ट्रेनिंग कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून मी सही केली. आश्रय धर्मशाळेत देतात.' हे वाक्य त्यांना आवडलं. मनात त्यांनी ते वर्गासमोर म्हणून पाहिलं, पन्नास टोप्या आणि पागोट्यांच्या समोर, आणि कुणीही मागून काही बोललं नाही. मग पुढचं वाक्य लिहिताना कोंडी घरात आली तो दिवस आपोआप पुढ्यात आला. बेचाळीसच्या आधीचा कार्तिक असणार, असंच ऊन. रखमी म्हणून दाभोशाची एक बाई त्यांच्याकडे पत्रावळीची पानं घेऊन यायची. ती त्या दिवशी पानांऐवजी पाठीवर पोर घेऊन आली. पोर तापाने फणफणलेली. गावची सगळी माणसं गवत कापायला खाली डहाणूच्या बाजूला निघाली होती, दरसाल जात तशी, आणि तापातली पोर वाटेवर मरेल म्हणून रखमीने ती ओटीवर ठेवली. "आठ दिस ठेव बाई. बरी झाली का न्यायला येतां." आठ दिवसांचे चार महिने झाले. शिमग्याला रखमी आली तेव्हा पोर बाराखडी म्हणत होती. रखमीने ती उभ्याने ऐकली, पुन्हा म्हणायला लावली, पुन्हा ऐकली, आणि म्हणाली, "पाऊस लागला का मंग नेतां. आवणीला हात लागतील." तेव्हापासून तसंच पडलं. पाऊस लागला की कोंडी भातलावणीला दाभोशाला, भात कापून झालं की जव्हारला. कुणी कुणाला काही लिहून दिलं नव्हतं, कुणी कुणाचे उपकार मानले नव्हते. वर्षाच्या वर्षाला पोर डोंगर चढायची आणि उतरायची, येताना पायांना चिखलाच्या भेगा आणि तोंडात आयशीची बोली घेऊन यायची, आणि ती बोली बाई पंधरा दिवसांत घासून काढायच्या.

घासून काढायच्या, हा शब्द मनात आला आणि बाईंचं पेन थांबलं. बाहेर कुणाच्या तरी अंगणात नागली झोडत होते, त्याचा थप थप आवाज येत होता. त्यांना तो आवाज नको होता, कारण त्याच्यामागून एक दुसरा दिवस येत होता, आणि तो दिवस त्या नेहमी वाटेतूनच परत पाठवत. संस्थान विलीन झालं त्या सालचा आषाढ. राजवाड्यावरचं निशाण उतरलं होतं, कचेरीतले शिक्के बदलले होते, दरबारचे कारकून ठाण्याच्या साहेबाची वाट बघत एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. बाईंनाही आपली शाळा राहते की जाते याचा घोर होता. त्या भीतीत त्यांनी एकच गोष्ट घट्ट धरली: कोंडी पुढच्या उन्हाळ्यात फायनलला बसणार, आणि पहिली येणार. यंदा आवणी नाही. रखमी आली ती इरलं घेऊन, पाणी निथळत, दारात उभी राहिली. "पोरीला धाड." आणि वनमालाबाई रिसबूड, बी.ए., ज्यांनी चौथीच्या मुलींकडून शंभरदा लिहून घेतलं होतं की नेहमी खरे बोलावे, त्या म्हणाल्या, "ती घरी नाही. ठाण्याला गेली आहे, शाळेच्या कामाला." कोंडी माजघरात बसली होती. रखमी थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि पावसात परत गेली. दाभोसा काही पुढच्या आळीला नाही. बाईंनी मान झटकली, दौतीत पेन बुडवलं आणि पत्र पुरं केलं. 'पुढील अंकात चूक दुरुस्त करावी: कोंडी ही कु. वनमाला रिसबूड यांची मुलगी.' खाली सही केली, ती नेहमीपेक्षा मोठी.

कोंडी संध्याकाळच्या मोटारीने आली. मोखाड्याहून येताना ती नेहमी पुढच्या बाकावर बसायची आणि तरी तिच्या केसांत लाल धूळ असायची. सोमवारची रजा काढून ती झोडणीला दाभोशाला जाणार होती. पाय धुऊन तिने चहा घेतला, शाळेतल्या गमती सांगितल्या. खोडाळ्याच्या बाजारातून हेडमास्तरांनी कोंबडा आणला आणि तो वर्गात शिरला, असलं काहीतरी. बाई हूं हूं करत होत्या. मग त्यांनी स्नेहवृत्त तिच्यापुढे टाकलं आणि त्याच्यावर आपलं पत्र ठेवलं. आता पोर पेटणार, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर तिने पेटावं म्हणून त्या दुपारपासून वाट बघत होत्या. कोंडीने आधी छापलेलं वाचलं. तिचा चेहरा बदलला. मग पत्र वाचलं, आणि तो होता तसाच राहिला.

"बाई, हे तुम्ही कितीदा वाचलंत?"

"पाच-सहादा तरी. का?"

"आणि यात चूक काय सापडली तुम्हाला?"

"चूक काय म्हणजे? हा काय शब्द झाला, आश्रय? मी तुला—"

"अनाथ लिहिलंय," कोंडी म्हणाली. तिने बोट ठेवलं नाही की आवाज चढवला नाही. "माझी आयस जिती आहे. आज या घटकेला ती खळ्यावर भात झोडते आहे. या लोकांनी तिला मारून टाकली, आणि तुम्ही दोन पानं लिहिलीत त्यात ती कुठेच नाही."

बाईंनी कागद परत हातात घेतला. अनाथ. चांगला तीन अक्षरी शब्द, आश्रयाच्या आधी दोनच शब्द सोडून बसलेला. पाच वेळा त्यांची नजर त्याच्यावरून गेली होती आणि पाचही वेळा पुढे निघून गेली होती. "हा खांबेटे मूर्ख आहे," त्या म्हणाल्या. "त्याने आपल्या मनाने घातलं."

"त्याला काय कळणार? तुम्ही कार्डात काय लिहिलं होतंत? वडील वारले, एवढंच ना? बापाचं लिहिलंत, आयशीचं नाही. मग तो दुसरं काय समजणार?" कोंडी उठली, पेला विसळून पालथा घातला. "आणि मुलगी म्हणून लिहिताना मला विचारायचं होतंत. तिला विचारायचं होतंत. त्या आषाढात मी माजघरात होते, बाई. भूमिती घोकत. ठाण्याला गेले नव्हते." हे सात वर्षं तिच्या पोटात होतं आणि ती ते पेला पुसत पुसत बोलली. "मी बाहेर आले नाही. म्हणजे मीही खोटंच बोलले. मला पास व्हायचं होतं."

दोघी जेवायला बसल्या. बाईंचा स्वभाव नमतं घेण्याचा नव्हता. तो तसा असता तर त्या शरयूसारख्या कुणा कलेक्टरच्या बंगल्यात असत्या, तिशीच्या आत एकट्याने बैलगाडीतून जव्हारचा घाट चढल्या नसत्या. त्यांच्या मनात उत्तरं येत होती, एकाहून एक खमंग. मी नसते तर तू आज कुठे असतीस? हे उत्तर जिभेवर आलं आणि त्यांना कळलं की हे उत्तर म्हणजे आश्रय हाच शब्द, नुसता लांब केलेला. तो खांबेट्याने कागदावर लिहिला होता आणि त्यांनी घासाबरोबर गिळला. इतक्या वर्षांनी आपण त्या वर्गातच बसलो आहोत, पहिल्या बाकावर, आणि मागे वळून बघायचं तेवढं विसरलो आहोत. त्यांना राग आला, आणि बरं झालं, कारण राग आला की त्यांना काय करायचं ते सुचतं. ताट सरकवून त्या म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर दाभोशाला."

"कशाला?"

"विचारायला. तूच म्हणालीस ना, विचारायचं होतं म्हणून?"

"ती तुम्हाला खळ्यावर उभं करील आणि हातात सूप देईल," कोंडी म्हणाली, आणि संध्याकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज सैल झाला.

सकाळी अर्धा रस्ता लाकडाच्या ट्रकने, उरलेला पायी. बाईंना दम लागत होता, पण विचारलं तर नाही म्हणत होत्या. चौदा वर्षांत ही वाट पोरीने किती वेळा तुडवली असेल आणि आपण एकदाही नाही, हा हिशोब चालताना आपोआप डोक्यात होत होता आणि त्या तो थांबवत नव्हत्या. उतारावरून नदीचा आवाज आला, मग खळं दिसलं. रखमी पेंढी दगडावर आपटत होती. ती म्हातारी झाली होती. बाईंच्या मनातली रखमी अजून इरल्याखाली उभी होती, काळे केस आणि निथळणारं पातळ, आणि ही तर दात पडलेली, हाडकुळी, तरी हात तसाच वर जाऊन खाली येत होता. तिने पाहिलं, पेंढी खाली ठेवली नाही. "बाई कशी आली गं? मेला का कोन?"

"तूच मेलीस," कोंडी म्हणाली. "पुण्याच्या कागदात छापून आलाय."

रखमीने ती पेंढी झोडून पुरी केली, मगच बसली. कोंडीने तिला सगळं तिच्या बोलीत सांगितलं. बाईंना ते निम्मं कळत होतं, निम्मं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी पोरीची भाषा घासली, पण स्वतः शिकली नव्हती. ऐकताना रखमी मधेच हसायला लागली. दात नसलेल्या तोंडाने ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आन मी कशानी मेली ता लिवला नाय का?"

"रखमी," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य वाटेत तीनदा जुळवलं होतं आणि आता त्यातलं काहीच आठवत नव्हतं. "संस्थान गेलं त्या साली तू आवणीला न्यायला आलीस. मी सांगितलं, कोंडी घरी नाही. ती घरातच होती. मी खोटं बोलले."

"ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"मधल्या घरात कायतरी म्हनत होती ती, जोरानी. आयकू येत होता माला." रखमीने कमरेची चंची काढली. "तिचा आवाज माला वळखता नाय येनार का? आवणीला मानसा मिलत नव्हती, लय राग आलता तुझा. वाटेनी शिव्या घातल्या तुला, दाभोसा येय तवर. पन मंग वाटला, पास झाली तं झाली. गवत तं नाय कापनार." तिने तंबाखू मळली. "सांगाची होतीस खरा खरा. मी काय नेलीच असती? नेली असती. पन सांगाची होतीस."

बाई तिच्यासमोर पेंढ्यावर बसल्या. लुगड्याला तूस लागत होतं, पायांना टोचत होतं. त्यांना बरंच रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं नाही, कारण इथे त्या माफी मागायला आल्या होत्या, समजूत काढून घ्यायला नव्हे. त्यांनी पिशवीतून कालचं पत्र काढलं, फाडलं, आणि कोरा कागद पिशवीतल्या पाटीवर ठेवला. "सांग. तुझ्या घरची खुशाली सांग. त्या कागदात सगळे आपापल्या घरची लिहितात, आता तुझी जाईल."

"ती कोन मानसा हात?"

"माझ्याबरोबर शिकलेली. म्हातारी झाली आता."

"त्यांला माझी खुशाली कसाला?"

"त्यांनी तुला मारलंय म्हणून."

रखमीला हे पटलं. ती सावरून बसली, आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. लिव, नवरा फागू तापानी मेला, संस्थान गेला त्याच्या आधी, मानूस चांगला होता, दारू पीयाचा. लिव, थोरला नवसू डहानूला गवताच्या वखारीत हाय, त्याला दोन पोरी, धाकलीला दात आला. लिव, औंदा भात बरा झाला, नागली उंदरांनी खाल्ली. लिव, माझा गुडघा दुखता. लिव, लेक कोंडी मोखाड्याला मास्तरीन, तिला लगीन नको म्हनते, आयशीचा आयकत नाय. कोंडी मधेच म्हणाली, "आये, ते नको," आणि रखमी म्हणाली, "लिव बाई, ता पन लिव." वनमालाबाई लिहीत होत्या. शरयूच्या विलायतेखाली, देशपांड्यांच्या मधुमेहाशेजारी रखमीचा गुडघा बसत होता, आणि त्यांच्या अंगात एक जुनी, कॉलेजातली हुशारी चढत होती. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात जोडलं: 'रा. खांबेटे, यातला एकही शब्द नीटनेटका करू नये. केलात, तर मी दुसरा वर्गबंधू शोधून त्याच्याकडून हे छापून घेईन, आणि आपण बदललेलं कार्डही शेजारी छापीन. तर्क करणारांना करू द्यावेत.' हे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. कोंडीने त्याचा अर्थ आयशीला सांगितला, तेव्हा रखमी म्हणाली, असा दम त्या आषाढात तुला कोनी भरायला पायजे होता.

"झालं," बाई म्हणाल्या आणि दौतीला बूच लावायला लागल्या.

"झाला कसा? तुझा कुठं लिवलास?"

"माझं गेल्या अंकात आलंय."

"ता त्यांनी लिवलेला. तुझा तू लिव."

वनमालाबाईंनी कागदाकडे पाहिलं. खाली चार बोटं जागा होती. मुख्याध्यापिका, लिहावं? अविवाहित? ते सगळं छापून झालं होतं. काल याच हाताने तिथे एक शब्द ठणकावून लिहिला होता, आज तो लिहायला हात उचलत नव्हता. तो आपला आहे की नाही हे त्यांना कळत नव्हतं, आणि कोंडीकडे बघायचा धीर होत नव्हता. कोंडी सुपात भात घेऊन वाऱ्याच्या तोंडाला उभी होती, पाठमोरी, आणि सूप हलत नव्हतं.

"काय गं, बाई?" रखमी म्हणाली. "तुला लिवता येत नाय तं मी सांगतां. लिव. वनमाला. जव्हारला रहाते. लेक एक, कोंडी."

कोंडीचं सूप हलायला लागलं, कोंडा वाऱ्यावर उडाला, थोडा कागदावर आला. वनमालाबाईंनी तो हाताने झाडला आणि रखमीने सांगितलं तसंच, एक शब्द न बदलता, लिहून घेतलं.